टीव्हीखाली जुनं स्टीम मशीन घ्यावं का? नाशिककरांनो, सल्ला हवा

गंगापूररोडकर

मंडळी, धागा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

घरात ४३ इंची टीव्ही आहे आणि दोन पोरं (१३ आणि ९). सुट्टी लागली की दोघं दोन कोपऱ्यांत मोबाईलमध्ये माना घालून बसतात. खेळायचंच आहे तर हॉलमध्ये एकत्र बसून खेळा, भांडलात तरी आम्हाला ऐकू येईल, एवढीच माझी माफक अपेक्षा.

मेहुण्याच्या ओळखीतले एक गृहस्थ अमेरिकेतून कायमचे परत आलेत. त्यांच्याकडे एलियनवेअर कंपनीचं स्टीम मशीन (टीव्हीला जोडून गेम खेळायचा छोटा पीसी) आहे, २०१५ चं. किलोभर मिठाईच्या खोक्याएवढा काळा डबा, सोबत दोन गोल पॅडवाला कंट्रोलर. आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. १६ हजार म्हणतायत. "लिनक्स आहे, विंडोजचे पैसे नाहीत, व्हायरसची कटकट नाही," वगैरे. बायकोला डबा पसंत आहे, कारण टीव्हीखाली ठेवला तर दिसणार नाही.

घ्यावं का? आणि एक कुतूहल : एवढ्या मोठ्या कंपन्या यात होत्या, तर हा प्रकार बंद का पडला? बजेट अगदी ताणून ४५.

द्वारका_सिग्नल

घेऊ नका. पीएस५ (प्लेस्टेशन) बघा. सविस्तर घरी पोचल्यावर लिहितो, अजून द्वारका सिग्नललाच आहे.

जुनं_खोड

१६ ला तर नाहीच, ६ ला मिळालं तरी दोनदा विचार करा.

आधी डब्याचं बोलू. त्यातली रॅम आणि डिस्क बदलता येते, पण ग्राफिक्स चिप बोर्डावर सोल्डर केलेली आहे. २ जीबीची, मॅक्सवेल पिढीतली. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका ठरवली आहे. मूळ सिस्टीम म्हणजे स्टीमओएस २, डेबियन ८ या लिनक्सवर बेतलेली. ऑगस्ट २०२५ पासून स्टीमला (व्हॉल्व कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान) जीलिबसी, म्हणजे लिनक्समधली पायाभूत लायब्ररी, २.३१ किंवा त्यापुढची लागते, डेबियन ८ मध्ये २.१९ आहे. म्हणजे सगळं पुसून नवीन लिनक्स टाकायचं, आणि ते करूनही हातात दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची चिप. व्हायरस लागत नाही हे खरं धरलं तरी गेमही लागत नाहीत.

आता बंद का पडलं. हे मी जवळून पाहिलंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

२०१२ साली विंडोज ८ आलं आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं स्टोअर आलं. व्हॉल्वचा जवळपास सगळा धंदा विंडोजवर. भाड्याच्या गाळ्यात तुमचं दुकान जोरात चाललंय आणि घरमालकानेच शेजारच्या गाळ्यात तोच माल मांडला, तर झोप उडेल की नाही? व्हॉल्वचे प्रमुख गेब न्यूवेल तेव्हा विंडोज ८ ला जाहीरपणे अनर्थ म्हणाले होते. मग फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्ससाठी स्टीम आलं. त्याच सप्टेंबरमध्ये एका आठवड्यात तीन घोषणा झाल्या : स्टीमओएस, स्टीम मशीन, स्टीम कंट्रोलर. ३०० नमुना यंत्रं लोकांना तपासायला दिली. जानेवारी २०१४ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात डझनभराहून जास्त कंपन्या आपापले डबे घेऊन हजर.

आणि मग थांबा. कंट्रोलर तयार नाही, सिस्टीम तयार नाही. २०१४ सरलं. एलियनवेअरने तोवर तोच डबा 'अल्फा' नावाने विंडोज टाकून विकायला काढला. वरात दारात यायच्या आत पाहुणे जेवून उठले म्हणा ना.

शेवटी १० नोव्हेंबर २०१५ ला मशीन बाजारात आली. त्याच दिवशी फॉलआउट ४ हा गाजलेला गेम पण आला. विंडोजवर, पीएस४ वर, एक्सबॉक्स वनवर. लिनक्सवर नाही. यापेक्षा वाईट मुहूर्त पंचांगात शोधून सापडला नसता. एलियनवेअरचं सगळ्यात स्वस्त मॉडेल ४४९ डॉलर, तेव्हा पीएस४ ३४९ ला. लिनक्सवर चालणारे गेम दीडेक हजार होते, पण जीटीए ५ नाही, विचर ३ नाही. जे होते त्यातले कितीतरी त्याच यंत्रावर विंडोज टाकलं की जास्त फ्रेम द्यायचे, कारण डायरेक्टएक्ससाठी (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) लिहिलेला गेम घाईघाईत ओपनजीएलवर (लिनक्सवर चालणारी तशीच भाषा) आणलेला असायचा. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम कोण आणणार. त्यात प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा, किमती साडेचारशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत. गिऱ्हाईकाला कळेना हा पीसी आहे की कन्सोल.

जून २०१६ पर्यंत स्टीम कंट्रोलर ५ लाखांच्या वर गेले, त्यात मशीनसोबत दिलेलेही मोजलेले. म्हणजे मशीन किती खपली असतील ते तुम्हीच ताडा. २०१८ च्या सुरुवातीला स्टीमच्या मेनूतून मशीनचं नाव काढलं आणि विषय संपला असं सगळ्यांनी धरलं.

पण ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आलं. खरी गोम इथे आहे. "लिनक्ससाठी गेम बनवा हो" असं कंपन्यांच्या पाया पडण्याऐवजी व्हॉल्वने दुभाष्या बसवला. विंडोजचा गेम डायरेक्टएक्समध्ये बोलतो, दुभाष्या ते व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या नव्या ग्राफिक्स भाषेत सांगतो. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा मूळ वाईन हा प्रकल्प जुनाच, त्यावर हे काम. २०१५ ला हे शक्यच नव्हतं, व्हल्कनची पहिली आवृत्तीच फेब्रुवारी २०१६ ची. डबे तीन वर्षं आधी आले. पुढे २०२२ मध्ये स्टीम डेक हा व्हॉल्वचा हातात धरायचा गेमिंग पीसी याच दुभाष्याच्या जिवावर चाललं.

(अवांतर : डिसेंबर २०१३ मध्ये स्टीमओएसची पहिली आवृत्ती निघाल्या निघाल्या मी ती घरच्या पीसीवर टाकली. इन्स्टॉलर अख्खी डिस्क पुसतो हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही. त्या डिस्कवर चुलतभावाच्या साखरपुड्याचे सगळे फोटो होते. वहिनी अजूनही माझ्या हातात पेनड्राइव्ह देत नाहीत.)

गंगापूररोडकर

जुनं_खोड काका, तुम्ही तर डोळेच उघडलेत. पण ते गृहस्थ आता म्हणतायत की नवीन स्टीम मशीन येतंय, म्हणून जुन्याचा भाव चढणार. खरं का?

आणि हो, पोरं काय खेळतात ते विचारलं : मोठा व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजी) आणि एफसी (फुटबॉल), धाकटी माइनक्राफ्ट.

जुनं_खोड

नवीन मशीनची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली हे खरं. साधारण ६ इंचाचा ठोकळा, एएमडीची चिप, ८ जीबी ग्राफिक्स मेमरी. त्याचा आणि या डब्याचा संबंध नावापुरता. गावात नवीन थिएटर झालं म्हणून जुन्या थिएटरच्या तिकिटाला भाव येतो का?

सिडको_लॅन

दादा, पोरांच्या गेमची यादी आधी टाकायची ना! आठ वर्षं गेमिंग कॅफे चालवलाय, ऐका.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. उशिरा चालतो, अडखळत चालतो असं नाही, चालतच नाही. त्याचा अँटीचीट (लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या थेट कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतो आणि तो लिनक्ससाठी बनवलेलाच नाही. एफसीचं तेच, फोर्टनाइटचं तेच. जीटीए ऑनलाइन चालायचं, सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय नावाचं अँटीचीट लावलं आणि तेही गेलं. एपेक्स लेजंड्स या गेमने त्याच वर्षी लिनक्सवाल्यांना दार लावलं. काकांचा दुभाष्या कितीही हुशार असू दे, दारावरचा वॉचमनच आत सोडत नाही तर भाषांतर कुणासाठी करणार?

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र लिनक्सवर अगदी अधिकृत. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही. तेव्हा धाकटीचं काम होईल, मोठा घर डोक्यावर घेईल.

पंचवटीची_लेक

मी वर्षभर टीव्हीला लिनक्सच लावलंय, तेव्हा वापरणारीचं मत घ्या.

ऑफिसातून निघालेला जुना पीसी घेतला, त्यावर बझाइट हे गेमसाठीचं लिनक्स टाकलं. फेडोरावर बेतलेलं आहे, चालू केलं की थेट स्टीमचा मोठा पडदा येतो, कीबोर्ड लागत नाही. पहिली चूक अशी केली की पातळ केसचा पीसी घेतला. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसत नाही आणि एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) ग्राफिक्स कार्डाची वायरच नसते. मग एएमडीचं आरएक्स ६४०० कार्ड घालावं लागलं, जे ५३ वॅटमध्ये स्लॉटवरच चालतं. पण ते फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, जुन्या बोर्डाच्या कमी वेगाच्या जेन ३ स्लॉटमध्ये त्याची हवा जाते. सहा महिन्यांत विकलं, उभा केस घेतला, साधा ४५० वॅटचा एसएमपीएस आणि वापरलेलं आरएक्स ६६००. आता १०८० पीवर तक्रार नाही. एनव्हिडियाचं कार्डही चालतं, पण मला एएमडीवर डोकेदुखी कमी झाली.

टीव्हीवाल्यांसाठी दोन गोष्टी. पीसीच्या कार्डाला सहसा सीईसी नसतं, म्हणजे टीव्हीच्या रिमोटने पीसी चालू-बंद होत नाही. सासूबाईंना हे पटवायला मला आठवडा लागला. आणि १२० हर्ट्झचा फोर-के टीव्ही असेल तर एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरला एचडीएमआय २.१ ची परवानगी एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नाकारली होती, तिथे अडू शकतं. तुमचा ४३ इंची ६० हर्ट्झचाच असणार, सोडून द्या.

आमच्याकडे वळवाच्या पावसात लाइट दिवसातून चारदा जाते. अपडेटच्या मध्यात गेली होती एकदा. चालू करताना आधीची आवृत्ती निवडली, पाच मिनिटांत गाडी रुळावर. तरी यूपीएस घ्याच.

पण दादा, व्हॅलोरंट हवं असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. मी एकटीने गोष्टीवाले गेम खेळते, म्हणून माझं जमतं.

गंगापूररोडकर

ताई, इतकं नीट कुणी दुकानात सांगत नाही. एम. जी. रोडला एकाने मला आरजीबी पंखे दाखवण्यातच अर्धा तास घालवला.

एक प्रश्न. मोठ्याच्या खोलीत विंडोजचा पीसी आहे, दोन वर्षांपूर्वी क्लासच्या नावाखाली ग्राफिक्स कार्डासकट घ्यायला लावला होता. तो टीव्हीला जोडता येतो का? खोली आणि हॉलमध्ये दोन भिंती आहेत.

सिडको_लॅन

अहो!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं!

पंचवटीची_लेक

😂😂

जुनं_खोड

झालं तर मग. ४५ हजार बँकेत राहू द्या.

टीव्ही अँड्रॉइड असेल तर त्यावर स्टीम लिंक हे अ‍ॅप फुकट आहे. गेम खोलीतल्या पीसीवर चालतो, चित्र टीव्हीवर येतं, कंट्रोलरची बटणं उलट दिशेने जातात. हाही त्याच २०१५ च्या घराण्यातला वारस. तेव्हा ५० डॉलरचा छोटा डबा होता, २०१८ ला बंद केला आणि अ‍ॅप ठेवलं. माझ्या मते त्या अख्ख्या खटाटोपातली घराघरात पोचावी अशी हीच एक वस्तू होती, आणि तिच्यात गेम चालवायची ताकदच नव्हती.

फक्त वायफायवर जाऊ नका. दोन भिंतींत चित्र फुटेल आणि पोरगं तुम्हाला बोल लावेल. पीसीपासून राउटरपर्यंत कॅट ६ केबल टाका. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचंच असतं, पण १०८० पीला ते पुरतं. व्हॅलोरंट मात्र त्याने आपल्या खुर्चीतच खेळावं, नेमबाजीला तेवढा उशीरही नडतो. एफसीला दोघं सोफ्यावर.

द्वारका_सिग्नल

पोचलो. पीएस५ बद्दल लिहिणार होतो, पण आता काय.

गंगापूररोडकर

अपडेट. रविवारी १८ मीटर केबल टाकली. केसिंग पट्टी देवघराच्या चौकटीवरून न्यावी लागली, आईने तिला सकाळी हळदीकुंकू लावलं. केबल, पट्टी, दोन साधे कंट्रोलर धरून साडेचार हजारांच्या आत. धाकटीने मोठ्याला एफसीत ३-१ हरवलं आणि आवाज शेजारपर्यंत गेला.

त्या गृहस्थांना नाही म्हणून कळवलं. ते आता फक्त कंट्रोलर वेगळा द्यायला तयार आहेत, हजार रुपयांत. कुणाला हवाय का?

जुनं_खोड

मला हवाय. माझ्या जुन्याचा डावा पॅड गेलाय. डोंगल हरवला असेल तरी चालेल, २०१८ मध्ये त्याला ब्लूटूथचं फर्मवेअर आलं होतं. फक्त मागचं झाकण शाबूत आहे का तेवढं बघा. पकडीची दोन्ही बटणं त्या झाकणावरच आहेत, आणि सेल काढताना लोक तेच तोडतात.