मदत हवी आहे: डच जहाजांवरच्या दाढीवाल्या सुरयांचे तुकडे कोकण किनाऱ्यावर कोणी पाहिले आहेत का?

नमस्कार मंडळी,

डच ईस्ट इंडिया कंपनीचे 'व्हेर्गुल्डे ड्राक' हे जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला जात असताना २८ एप्रिल १६५६ रोजी ऑस्ट्रेलियातील पर्थच्या उत्तरेला किनाऱ्यालगतच्या खडकावर आपटून फुटले. १९६३ साली त्याचे अवशेष सापडले आणि पुढे तेथून चांदीच्या नाण्यांबरोबर स्टोनवेअरच्या, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या, तपकिरी सुरयाही वर आल्या. त्या फ्रीमँटलच्या संग्रहालयात पाहिल्यापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्याला होती, तर तेथे, किंवा कोकणात अन्यत्र, अशा सुरयांचे तुकडे सापडले आहेत का?

'बार्टमान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सुरया मुख्यतः जर्मनीतील कलोनजवळच्या फ्रेखेन गावी बनत. पोट फुगीर, मान अरुंद, मागे एकच कान आणि मानेवर साच्यातून काढून चिकटवलेला दाढीवाल्या पुरुषाचा मुखवटा, अशी त्यांची घडण असे. पोटावर बहुधा एखाद्या शहराची किंवा घराण्याची मुद्रा असे. भट्टी सुमारे १२०० अंशांवर तापली की तिच्यात साधे मीठ टाकत. त्याच्या वाफेतील सोडियमचा मातीतील सिलिकाशी संयोग होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळग्यांची झिलई तयार होई. माती इतकी घट्ट भाजलेली असे, की शतकानुशतके समुद्रात राहूनही या सुरया विरघळत वा झिरपत नाहीत. या भांड्यांचे मला सर्वाधिक कौतुक वाटते ते याच गुणाचे.

जाणकारांना माझी विनंती अशी, की वखारीच्या परिसरात, जुन्या बंदरांच्या काठी किंवा एखाद्या घरगुती संग्रहात असा तुकडा पाहिला असल्यास त्याचे वर्णन येथे द्यावे. तुटलेली कड करड्या रंगाची व काचेसारखी घट्ट आहे का, बाहेरून तपकिरी ठिपके दिसतात का आणि बुडावर चाकावरून तारेने कापल्याच्या वक्र रेषा आहेत का, एवढे पाहिले तरी पुष्कळ होईल. मुखवट्याचा भाग असेल तर फारच उत्तम, कारण सोळाव्या शतकातले चेहरे रेखीव असतात, तर सतराव्या शतकाच्या मध्यानंतरचे ओबडधोबड होत जातात, आणि त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. लोणच्याच्या बरण्यांची झिलई बहुधा गुळगुळीत व सपाट असते, त्यामुळे त्या चटकन वेगळ्या ओळखू येतात. मात्र एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या खनिज पाण्याच्या बाटल्यांवरही मिठाचीच झिलई असल्यामुळे त्यांच्याशी गल्लत होऊ शकते. हा फरक लहान तुकड्यावरून कसा करावा, हे मातीकाम किंवा पुरातत्त्व जाणणाऱ्या कोणी सांगितल्यास मी ऋणी राहीन.

वखारीच्या आवारातला तुकडा मात्र कृपया उचलू नये. शेजारी पट्टी ठेवून, तो पडलेल्या जागीच त्याचे छायाचित्र घ्यावे.