व्हेन चाय मेट टोस्ट लाइव्ह ऐकायचंय, रात्री गोव्यातल्या साखळीला परत कसं यायचं?

मंडळी, मदत हवी आहे. कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट माझा एकदम जिवाभावाचा बँड, बँजो सुरू झाला की दिवसभराचा शीण जातो, आणि इंग्रजीसोबत हिंदी, मल्याळम, तमिळमधेपण किती मनापासून गातात! आता गोव्यात आले की मी आणि धाकटी बहीण जाणारच. पण असले शो बहुतेक हणजूण-वागातोरकडे, उघड्यावर असला तर दहाला संपणार, मग साखळीला बस कुठली, ओला-उबर तर आपल्याकडे नाहीच. गोवामाइल्स अ‍ॅपचे टॅक्सीवाले तेवढ्या रात्री आतल्या गावात येतात का? की म्हापशात दोघी मुलींना राहायला स्वस्त, सुरक्षित खोली मिळेल? आणि पुढे उभं राहायचं तर किती आधी पोचायचं? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.