शेतकरी संघटनेनं निवडणूक लढवावी का?

ऊसकरी:
निवडणूक आली की आमच्या पारावर हाच वाद. माझं मत, संघटनेनं भाव मागावा, मतं मागू नयेत. १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी लोक शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे रस्त्यावर बसले, तेव्हा शेजारी बसलेला कुठल्या पक्षाचा हे कुणी विचारलं नाही. १९९४ला जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष निघाला आणि तोच शेजारी 'आपला' की 'त्यांचा' हे सुरू झालं. पक्ष रुजला नाही, संघटनेचीही धार गेली.

काळी माती:
नाही पटलं. आमच्याकडे कारखान्याचा चेअरमनच आमदार, जिल्हा बँकेवर माणसं त्याची, वजनकाटाही त्याचाच. त्याच्यापुढे आपण नुसती निवेदनं द्यायची? स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी २००९ आणि २०१४ला लोकसभेत गेले, म्हणून तर २०१८ला कर्जमुक्ती आणि हमीभावाची खासगी विधेयकं तिथे मांडता आली.

ऊसकरी:
मांडली, कायदा झाला का? उलट एफआरपीचं, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायच्या किमान भावाचं बघा. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तरी २०२२ला राज्य सरकारनं एफआरपीचे तुकडे पाडले, एकरकमीऐवजी हप्त्यांत द्यायची मुभा दिली. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. त्याविरुद्ध कोर्टात गेले होते शेट्टीच, आणि खासदारकी २०१९लाच गेली होती. त्यांच्या ऊस परिषदेला, म्हणजे उसाच्या भावासाठीच्या सभेला येणारी माणसं मागे होती, तेवढं पुरलं.

चांदवडची लेक:
तुम्ही दोघं फक्त आमदार-खासदारच मोजताय. शेतकरी संघटनेच्या १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला माझी आई गेली होती. पुढे लक्ष्मीमुक्तीत, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायच्या संघटनेच्या मोहिमेत, वडिलांनी एक एकर तिच्या नावावर केलं. कायद्याची सक्ती नव्हती, संघटनेचा शब्द होता. त्याच संघटनेच्या बायकांनी जळगाव जिल्ह्यात विटनेरची अख्खी ग्रामपंचायत चालवली. तीही निवडणूकच होती ना? तिथे संघटना फुटली नाही, कारण उमेदवार कोण हे बायकांनी एकत्र बसून ठरवलं होतं. मुंबईहून तिकीट यायचं नव्हतं.

काळी माती:
ताई, हे मान्य. पण उसाचं बिल ग्रामपंचायत काढत नाही.

ऊसकरी:
मग कारखान्याची निवडणूक लढवू. सभासद आपणच, मतदारही आपणच. तिथे पॅनेल उभं करायला माझी ना नाही. आमच्या गावातले निम्मे सभासद वर्षानुवर्षं वार्षिक सभेला जात नाहीत, आधी त्यांच्या घरी जायला हवं.