शब्द हवा आहे: मालिका ‘लागते’ तो क्षण

निशिगंध (ऐरोली):
आमच्या सोसायटीचा गणपती अंक दरवर्षी हस्तलिखित निघतो. यंदा मी त्यात ‘वन पीस’ या जपानी ॲनिमेवर, म्हणजे कार्टून मालिकेवर, दोन पानं लिहिली. संपादन करणारे काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी सगळा लेख ठेवला आणि एकच वाक्य लाल शाईने खोडलं: ‘सदतिसाव्या भागाने मला जिंकून घेतलं.’ समासात लिहिलं, ‘हे मराठी नाही.’ मग मराठी काय, असं विचारलं तर म्हणाले, ‘आवडला म्हणा की.’ पण ते खरं नाही. आवडत तर आधीपासून होतं, थोडं थोडं.

प्रसंग सांगते, म्हणजे नेमकं काय हवंय ते कळेल. ही मालिका १९९९ पासून चालू आहे, हजाराच्या वर भाग झालेत. लेक अकरावीत. रात्री जेवणं झाली की रोज एक भाग बघतो, आणि तो एकटा नको म्हणून मी शेजारी बसते. हातात काही ना काही काम असतंच. छत्तीस भाग असेच गेले. सदतिसाव्याला मी मोड आलेले वाल सोलत होते. त्यात नामी नावाची मुलगी आहे. आपलं गाव सोडवायला तिला १० कोटी भरायचे असतात. आठ वर्षं जमवते, थोडेच उरलेले असतात आणि तेव्हाच ते लुबाडले जातात. ती जमिनीवर बसून स्वतःच्या दंडावरच्या गोंदणावर सुरी मारत सुटते. लुफी, म्हणजे मालिकेचा नायक, मागून येऊन तिचा हात धरतो. ती म्हणते, जा इथून, तुला काही माहीत नाही. तो म्हणतो, नाही माहीत. पण जात नाही. शेवटी ती मान वळवून एवढंच म्हणते, ‘वाचव मला.’ तो जिवापाड जपलेली आपली गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, चार पावलं पुढे जातो आणि ओरडतो.

माझ्या चिमटीतला वाल अर्धा सोललेला तसाच राहिला. भाग संपला आणि मी म्हटलं, ‘पुढचा लाव.’ तोपर्यंत रोज लेक विचारायचा, ‘आई, पुढचा लावू का?’ आणि मी म्हणायचे, झोप आता. त्या रात्री मीच सांगितलं. तर या क्षणाला क्रियापद काय?

पानसुपारी (नौपाडा):
काकांशी मी सहमत आहे. जिंकून घ्यायचे ते गड आणि मुलूख. मालिका कर्ता आणि माणूस तिचं कर्म, ही वाक्याची ठेवण आपल्याकडची नाही. आपल्या भाषेने याची सोय केव्हाच करून ठेवली आहे: नाद लागतो, गोडी लागते, लळा लागतो, चटक लागते, वेड लागतं. या प्रत्येक वाक्यात माणूस ‘मला’ म्हणून उभा असतो, त्याने काही केलेलं नसतं, त्याला काहीतरी होतं. तुमच्या प्रसंगात हेच घडलंय. ‘मला वन पीसचा नाद लागला’ असं लिहा, कुणी खोडणार नाही. तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, म्हणून सांगतो.

तलावपाळी (ठाणे):
पण पानसुपारीकाका, ‘त्याने सभा जिंकली’ आपण म्हणतोच ना? ‘गोड बोलून माणसं जिंकावीत’ हे माझी पणजी म्हणायची, आणि तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तेव्हा जिंकणं परकं आहे हे मला पटत नाही.

आणि ताई, तुम्ही सदतिसाव्या भागावर लिहिलंय हे वाचून अंगावर काटा आला. मी हा भाग पहिल्यांदा मित्राच्या घरी पाहिला, नंतर किती वेळा पाहिला याची गणती नाही. पण ‘नाद’ इथे बसत नाही. नाद लागल्याचं दोन महिन्यांनी कळतं, तेही घरचे ओरडायला लागल्यावर. लळ्यालाही दिवस लागतात. दारात येणाऱ्या मांजराच्या पिल्लाचा लळा लागतो तो रोज दूध घालून घालून. ताईंना त्या एका मिनिटासाठी शब्द हवाय.

ओवीबद्ध (डोंबिवलीहून, मूळचा ठाण्याचा):
नाद इतका स्वस्तात सोडू नका. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हरीण आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात, आठव्या अध्यायात, पारध्याच्या गाण्याला भुलून ते पकडलं जातं. एकनाथांनी १५७३ साली काशीत भागवत पुरं केलं, त्यातही हा गुरू आहे. हरीण गाणं ऐकतं आणि जागच्या जागी उभं राहतं, पाय उचलत नाही. ‘नाद लागणे’ तिथूनच आलं असं माझ्या मनाने कधीचं घेतलंय. त्या हिशेबाने नाद एका क्षणातच लागतो, कळतो मात्र उशिरा. ताईंच्या चिमटीतला वाल थांबला, तेव्हा तेच हरीण उभं राहिलं.

पानसुपारी:
सुंदर आहे, पण पुरावा हवा. नाद म्हणजे ध्वनी आणि नाद म्हणजे छंद, यातला दुसरा अर्थ पहिल्यातून आला असेलही. तो हरणाच्या पाठीवर बसून आला हे कुठल्या जुन्या वापरातून दिसतं? आवडलेली गोष्ट व्युत्पत्ती म्हणून सांगितली की ती पुढे चार पिढ्या तशीच सांगितली जाते, ही माझी खरी काळजी आहे.

ओवीबद्ध:
काळजी मान्य. पण त्याच अध्यायात थोडं पुढे मासा आहे, जिभेच्या चवीपायी गळाला लागलेला. तेव्हा उद्या कुणी ‘गळाला लागले’ लिहिलं तर ते इंग्रजी म्हणून खोडू नका.

खाडीकाठ (ऐरोली, कोळीवाडा):
गळाचा विषय निघाला म्हणून लिहितो. गळाला मासा लागतो तेव्हा त्याने स्वतः तोंड उघडलेलं असतं, त्याला भूक असते. ताईंना भूक नव्हती. त्या लेकासाठी बसल्या होत्या, हातात वाल घेऊन. गळ नाही बसत इथे. माझे वडील डोल लावायचे. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, तोंड मोठं, मागे निमुळतं होत जाणारं, खुंटांना बांधून एका जागी उभं ठेवतात. माशाच्या मागे कुणी जात नाही. पाण्याला ओढ लागली की मासा त्या पाण्याबरोबर आपसूक आत येतो. रुंद तोंडातून आत शिरताना त्याला कुठेच अडल्यासारखं वाटत नाही. निमुळत्या टोकाला आला की मग कळतं, आता मागे फिरणं नाही. छत्तीस भाग म्हणजे ते रुंद तोंड. सदतिसावा म्हणजे टोक. आमच्याकडे याला वेगळं क्रियापद नाही, ‘गावला’ म्हणतात. मासा गावला. ‘सदतिसाव्या भागात मी गावले’ असं लिहा.

निशिगंध:
दादा, ‘मी गावले’ वाचून मी पाच मिनिटं तशीच बसले होते. अगदी तसंच झालं. पण सोसायटीत अर्धी मंडळी घाटावरची, अर्धी विदर्भातली. सगळ्यांना पोचेल ना?

पानसुपारी:
पोचेल. गावणे हा जुना आणि चांगला शब्द आहे, कोकणात सगळीकडे चालतो. उलट असे शब्द छापले जात नाहीत म्हणूनच जातात. माझं मत मी बदलतो: नाद मागे घेतो. फक्त एक विनंती. लेखात ‘ॲनिमे’ किती वेळा आलाय? ‘चेतनपट’ का नाही?

उगवतीकडे (वाशी):
जपानीतून भाषांतराचं काम करते, म्हणून दोन गोष्टी सांगते. ‘आनिमे’ हा जपान्यांनी इंग्रजी ‘ॲनिमेशन’चं शेपूट कापून केलेला शब्द आहे. त्यांनी परका शब्द घेतला, घरच्या मापाने तोडला, आणि आज जग तो त्यांचाच समजतं. आपण तो तसाच घ्यावा, त्यात कमीपणा नाही. शिवाय चेतनपट म्हटलं तर आमच्या पिढीने दूरदर्शनवर पाहिलेला मोगलीही त्यातच बसेल, आणि तोही ५२ भागांचा जपानीच होता.

दुसरं, ताईंच्या शब्दाबद्दल. जपानीत यासाठी ‘हामारु’ आहे. मूळ अर्थ एखादी वस्तू खाचेत बरोबर बसणे. त्यावरून खड्ड्यात पडणे, सापळ्यात अडकणे, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीच्या पार आहारी जाणे. हल्लीचे चाहते ‘नुमा’ही म्हणतात, म्हणजे दलदल. दलदलीत पडलो, असं आनंदाने सांगतात. ‘रुतले’ हा त्याच्या सगळ्यात जवळचा. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखलात उतरलेल्या कुणालाही तो समजेल.

पण मला त्याहून जास्त खुपतंय ते ‘वाचव मला’. नामी म्हणते ‘तासुकेते’. त्यात मदत कर हेही आहे आणि वाचव हेही. आणि लुफी ओरडतो ते ‘आतारिमाए दा’. लेखात ते कसं केलंय?

निशिगंध:
‘अर्थातच!’ असं केलंय.

तलावपाळी:
नाही, नाही. ‘अर्थातच’ बँकेतला माणूस म्हणतो. तिथे ‘मग!’ हवं. फक्त ‘मग!’

उगवतीकडे:
‘मग!’ मध्ये जवळीक आहे, पण तो छाती फुटेस्तोवर ओरडतो. ‘मग’ इतक्या लांब ओढता येत नाही, शेवटचा ग गिळला जातो. ‘आतारिमाए दा’च्या शेवटी ‘दा’ आहे, उघड्या तोंडाचा.

ओवीबद्ध:
मग ‘अलबत!’ घ्या. तोफ सुटल्यासारखा आहे.

पानसुपारी:
अलबत अरबी, पण माझी हरकत नाही, बखरीपासून आपला आहे. मात्र नामीच्या तोंडी ‘मदत’ अजिबात नको. तोही अरबीच, पण हरकत त्याची नाही, सरकारी अर्जात वापरून वापरून तो थंड झालाय. ‘वाचव’ चांगलं. ‘धाव’ त्याहून चांगलं. आपल्याकडे माणूस शेवटच्या टोकाला आला की धावा करतो. आठ वर्षं जिने कुणाकडे काही मागितलं नाही, तिच्या तोंडी ‘लुफी, धाव!’

उगवतीकडे:
पण तो तर शेजारीच उभा आहे, तिचा हात धरून. धाव लांबच्याला म्हणतात.

ओवीबद्ध:
विटेवरचा कुठे लांब असतो? समोर उभं राहूनच धाव म्हणतात.

उगवतीकडे:
तेच तर. धावा केला की समोरचा देव होतो. या प्रसंगात तो देव नाही. त्याला गावाची गोष्ट ऐकायचीसुद्धा नसते, तो फक्त तिचा गडी आहे. टोपी ठेवतो ती बरोबरीच्या माणसाच्या डोक्यावर. ‘वाचव’ राहू दे, ते साधं आहे, लहान पोर म्हणेल तसं.

खाडीकाठ:
माझ्या मुलाला आत्ता विचारलं. तो म्हणतो, ‘वाचव’ नको आणि ‘धाव’ही नको. ‘ये ना’ म्हणायला पाहिजे. पोरगं नऊ वर्षांचं आहे.

तलावपाळी:
‘लुफी… ये ना.’ हे वाचून मला पुन्हा रडू येतंय.

पानसुपारी:
मूळ जपानीपासून फार दूर जातंय हे. पण मी यावर अजून विचार करतो.

निशिगंध:
आज काकांना ही सगळी चर्चा मोबाईलवर वाचून दाखवली. ‘गावले’ त्यांना पसंत पडलं, पण लेखात घालायला तयार नाहीत. म्हणाले, ‘शब्द बरोबर की चूक हे ठरवायचं तर आधी मला तो भाग दाखव.’ रविवारी संध्याकाळी येताहेत. अंक सोमवारी बांधायला जातो, तोवर ती ओळ कोरी ठेवली आहे.

तलावपाळी:
एकदम सदतिसावा लावू नका, काही कळणार नाही. नामीच्या गावाची गोष्ट एकतिसाव्यापासून सुरू होते. सात भाग आहेत, चहा धरून तीन तासांत होतील.

निशिगंध:
एकतिसाव्यापासूनच लावते मग. वाल आजच भिजत घातलेत.