ग्रीनकार्डसाठी कमी पगाराची नोकरी धरावी का?

सातारकर_जर्सीत
भाच्याला इथे अमेरिकेत दोन ऑफर आल्यात. पहिली कंपनी म्हणते, रुजू झाल्याबरोबर ग्रीनकार्डचं काम सुरू करू. पगार बेताचाच. दुसरीचा पगार चांगला, काम त्याच्या आवडीचं, पण ग्रीनकार्डचं विचारलं की 'वर्षभराने बघू'. घरचे सगळे पहिलीच्या बाजूने. मी एकटा दुसरीच्या.

माझं म्हणणं असं की भारतात जन्मलेल्या माणसासाठी कंपनी ग्रीनकार्ड देत नाही, फक्त रांगेत उभं करते. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. हा आकडा १९९० च्या कायद्यातला. बायकामुलंही त्यातच मोजायची. वर एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे आपल्याला आणि आइसलँडला एकच माप! २०२५ मध्ये ईबी-२ (उच्चशिक्षितांचा गट) मधल्या भारतीयांसाठी २०१२-१३ च्या तारखा चालू होत्या, म्हणजे तेव्हा अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. म्हणून आज अर्ज करणाऱ्याला बारा वर्षांत मिळेल असं समजू नका, मधल्या काळात रांग कितीतरी फुगली आहे. एवढ्यासाठी पंचविशीतल्या पोराने कमी पगारावर राबायचं?

मीनल_हडपसर
अजिबात पटलं नाही. भारतीयांसाठी ग्रीनकार्डाहून आधी महत्त्वाचं आहे ते आय-१४०, म्हणजे कंपनीने आपल्यासाठी केलेला ग्रीनकार्डचा अर्ज, मंजूर होणं. एच-१ ची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची, मुदत सहा वर्षं. आय-१४० हातात असेल आणि तारीख लागली नसेल तर २००० च्या कायद्याने पुढे तीन-तीन वर्षं वाढवून मिळते. नसेल तर सहाव्या वर्षी बॅगा भरायची वेळ येऊ शकते. एकदा मंजुरी मिळाली की कंपनीने नंतर अर्ज मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, तुमचीच राहते (हा २०१७ पासूनचा नियम). आणि मी स्वतः एच-४ वर (एच-१ वाल्याच्या बायकोचा व्हिसा) घरात बसून होते, नवऱ्याचं आय-१४० झालं तेव्हा मला कामाची परवानगी मिळाली. ग्रीनकार्ड अजून नाही. पण घरात दोन पगार येतात ते त्या एका कागदामुळे.

'वर्षभराने बघू' ऐकायला बरं वाटतं. त्यानंतर पगाराचा दर ठरवून घेणं, जाहिराती, पर्म (कामगार खात्याची मंजुरी), यात दोन वर्षं सहज जातात. मधेच ले-ऑफ झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

सातारकर_जर्सीत
मीनलताई, तारीख आपली राहते, बरोबर. पण नोकरी बदलली की नव्या कंपनीने पर्म आणि आय-१४० नव्याने करायचं. म्हणजे दर वेळी पगाराआधी 'जीसी (ग्रीनकार्ड) करता का?' हेच विचारायचं. समोरच्याला ते कळतं आणि तो पगार त्या हिशोबाने सांगतो. नोकरी गेली तर नवी शोधायला हातात साठ दिवस. या भीतीने वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसलेली माणसं माझ्या ओळखीत कमी नाहीत.

बे_एरियातला_नाना
दोघांचंही अर्धं बरोबर. भाच्याला एक विचारा: पर्मच्या वकिलाचे पैसे कोण देणार? २००७ पासून तो खर्च कंपनीनेच करायचा असा नियम आहे, कामगाराकडून वसूल करता येत नाही. काही देसी कन्सल्टन्सीवाले पगारातून गुपचूप कापतात. 'बेताचा पगार' ऐकून मला तीच शंका आली. तसं असेल तर मीनलताईंचा मुद्दा कितीही खरा असो, तिथे जाऊ नये.

इथलाच_एक
कंपन्यांना सगळेच दोष देतात. ज्या इथल्या माणसाला ती नोकरी हवी होती त्याचं काय? पर्ममध्ये आधी स्थानिक उमेदवार शोधायचा असतो, रविवारच्या पेपरात दोन जाहिराती वगैरे. प्रत्यक्षात ती नोकरी आपल्या माणसासाठी राखलेलीच असते. फेसबुकने २०२१ मध्ये आणि ॲपलने २०२३ मध्ये याच आरोपांवरून न्याय खात्याशी तडजोड केली. आपण रडतो ते रांगेसाठी, त्या माणसाला रांगसुद्धा नाही.

बे_एरियातला_नाना
मुद्दा रास्त आहे, पण भाच्याने त्यासाठी ऑफर सोडावी की काय?

मंदार_मेलबर्न
अमेरिकेचा हट्ट कशाला? इकडे ऑस्ट्रेलियात कंपनीच्या ४८२ या तात्पुरत्या व्हिसावर दोन वर्षं काम करा, वय पंचेचाळिसाच्या आत असेल आणि इंग्रजीची परीक्षा पास असाल तर कंपनी १८६ व्हिसाखाली पीआरसाठी (कायम राहण्यासाठी) नाव देऊ शकते. जन्म कुठल्या देशात झाला याची रांग नाही. जुलै २०२४ पासून नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात.

मीनल_हडपसर
आणि दोन वर्षांनी कंपनीने नाव दिलंच नाही तर? 'देऊ शकते' आणि 'देते' यात बरंच अंतर आहे. बाकी साठ दिवसांपुढे १८० म्हणजे चैनच.

दोन_मुलांची_आई
मुलांबद्दल कुणीच बोललं नाही. माझा मोठा बालवाडीत असताना इथे आला. आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. आमची तारीख लागायच्या आत एकविसावं लागलं की तो आमच्या अर्जातून बाहेर, मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा काढायचा. वय मोजताना थोडी सूट देणारा २००२ चा कायदा आहे, पण एवढ्या लांब रांगेपुढे ती पुरत नाही. २०१९ मध्ये हाऊसने (अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने) देशांची मर्यादा काढणारं बिल ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं, डिसेंबर २०२० मध्ये सिनेटने स्वतःचं वेगळं केलं, दोन्हींचा मेळ बसलाच नाही. तेव्हा घरी पेढे आणले होते. भाचा सडाफटिंग असेल तर काहीही करू दे. संसार मांडणार असेल तर तारीख जितकी लवकरची तितकी बरी.

मंदार_मेलबर्न
भाच्याचा जन्म कुठला? गंमत नाही करत. मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेल्या मराठी पोरांना भारतीय पासपोर्ट असूनही भारताची रांग लागत नाही. जन्मदेश धरतात. बायकोचासुद्धा चालतो.

सातारकर_जर्सीत
कराडचा. लग्न व्हायचंय.

बे_एरियातला_नाना
मग आता मुलीची पत्रिका नको, जन्मदाखला बघा :)

मीनल_हडपसर
नाना! सातारकर, दुसऱ्या कंपनीच्या एचआरला 'वर्षभराने' ऐवजी पर्म कोणत्या महिन्यात सुरू करणार ते ईमेलवर मागा. लेखी दिलं तर तीच घ्या, मीही तुमच्या बाजूने. टाळाटाळ केली तर पहिली, फक्त नानांनी सांगितलेलं वकिलाच्या पैशांचं आधी विचारून.

सातारकर_जर्सीत
ईमेल आजच पाठवायला सांगतो. पहिलीच्या पगाराबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.