लहानांकडून शिकायचा रविवार : मोठ्यांनी मध्येमध्ये करू नये म्हणून काय करावं?

रावपुरा_मंडळ
वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळात एक रविवार 'मुलं गुरुजी, मोठे विद्यार्थी' असा ठेवायचाय. ४ ते ६ वर्षांची १२ मुलं, १२ मोठे (निम्मे आजी-आजोबा), वेळ दीड तास. मंडळाचा हॉल आहे, नाहीतर कमाटीबाग. मुलांचं निरागस कुतूहल, मोकळेपणा मोठ्यांनी जवळून बघावा एवढाच हेतू. धास्ती ही की पाच मिनिटांत 'असं नाही बाळा, असं' सुरू होईल. करायला काय द्यावं, सामान किती? बक्षिसं ठेवावीत का?

बालवर्ग_ताई
बक्षिसं अजिबात नकोत. १९७३ सालचा अमेरिकेतला प्रसिद्ध प्रयोग आहे : चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र देऊ, असं बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांच्या निम्म्यानेच रंगांकडे वळली. म्हणून दर मिनिटाला 'शाब्बास'सुद्धा नको.

वेळ ४५ मिनिटं पुरे. दीड तासात चार वर्षांचं मूल पेंगतं किंवा भांडतं.

एक खेळ सांगते. भिंतीवर ३० सेंमी उंचीवर पट्टी चिकटवा, बाहुलीला तिथवर उभं करायचं. द्यायचे ४ सेंमीचे चार ठोकळे आणि १५ सेंमी उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं. ठोकळे एकावर एक ठेवून १६ सेंमीच होतात. खोकं उपडं करून त्यावर रचले की ३१. गंमत अशी की ठोकळे खोक्यातच भरून द्यायचे. बाहेर ठेवलेत तर रिकामं खोकं सगळ्यांना सुचतं, खेळ फुकट. आत सामान दिसलं की खोकं म्हणजे 'सामान ठेवायचं' हे डोक्यात बसतं. २००० सालच्या अशाच एका प्रयोगात ६-७ वर्षांची मुलं यात अडकली, ५ वर्षांची अडकली नाहीत. तेव्हा तुमच्या गटात पाचच्या आसपासची मुलं जास्त घ्या.

शाडूकाम
दुसरा खेळ मातीचा. माणशी ४०० ग्रॅम मळलेली माती, म्हणजे २४ जणांना साधारण १० किलो. कोरडी शाडू ७ किलो आणि पाणी अडीच ते तीन लिटर, तेही थोडंथोडं घालत. रात्री भिजवा, सकाळी मळा. करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा : तडकली तर पाणी कमी, तळव्याला चिकटली तर जास्त. हॉलमधले पंखे बंद ठेवा, न वापरलेल्या मातीवर ओला पंचा टाका.

आता खरी अडचण. शाडू हातात आली की मोठ्यांचा गणपतीच होतो! त्यामुळे पहिली १० मिनिटं मूल हाताने जे करेल तेच मोठ्याने करायचं. ते थापटतंय तर थापटा, बोट खुपसतंय तर खुपसा. त्याच्या गोळ्याला हात लावायचा नाही. 'हे काय केलंस?' विचारायचं नाही, कारण बऱ्याचदा ते काहीच 'करत' नसतं. वळी लांबवताना साप होतो, गुंडाळली की जिलबी. नाव मागून येतं. आधीच विचारलंत की तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते काहीतरी सांगून मोकळं होतं.

उलटतपासणी
'निरागस' शब्दावर फार भिस्त ठेवू नका. तीन-चार वर्षांची मुलं खोटं बोलतात, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे उमगायला लागतं तसं ते बेमालूम होत जातं. शिवाय मोठ्यांनी दाखवलेलं बिनकामाचंही ती गिरवतात. २००५ सालच्या एका प्रयोगात पारदर्शक पेटीतून खाऊ काढताना उगीच काठी ठोकून दाखवली. पेटीच्या आतलं सगळं दिसत असूनही मुलांनी ठोकाठोकी केली, चिंपांझींनी ती गाळली. म्हणून शाडूकामांच्या क्रमाला हात लावू नका : आधी मूल, मग मोठा. उलटं केलंत तर बारा छोटे गणपती मिळतील.

कमाटीबाग नको. तिथले प्राणी सोडून मातीकडे कोण बघणार?

रावपुरा_मंडळ
ताई, दोन शंका. गुडघेदुखीवाल्यांना खुर्ची चालेल? आणि इथली मुलं पुस्तकाला 'चोपडी' म्हणतात, आजोबांना ते खपत नाही. तेवढं सुधारलेलं चालेल का?

बालवर्ग_ताई
खुर्ची नको, वरून बघितलं की माणूस आपोआप मास्तर होतो. बुटका मोढा (वेताचं स्टूल) द्या, नजर मुलाच्या नजरेच्या पातळीला येऊ दे. उठताना धरायला शेजारी बाक ठेवा. चोपडी चोपडीच राहू द्या, गुजरातेत वाढणारं मूल दोन्ही शब्द सांभाळतं. आजोबांना हवं तर कागद-पेन्सिल द्या, मूल जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं : 'पाणी सांडलं नाही, ते पळालं.' व्याकरण न सुधारता पाच वाक्यं. लिहिणाऱ्याचं तोंड आपसूक बंद राहतं. आणि हो, हात धुवायला बादल्या बाहेर ठेवा, शाडूचं पाणी मोरीत ओतलंत तर मोरी तुंबेल.