मदत हवी आहे : 'स्किनामारिंक' सगळ्यांना दाखवू का?

मंडळी, सांगलीत विश्रामबागला आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा घरीच प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. या खेपेला निवडायची पाळी माझी.

मनात २०२२ चा 'स्किनामारिंक' हा भयपट आहे. काइल एडवर्ड बॉलनं कॅनडात एडमंटनला, लहानपणी राहिलेल्या घरातच, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये केलेला. रात्री दोन पोरं जागी होतात, वडील गायब, दारं-खिडक्याही नाहीशा. चेहरे जवळपास दिसतच नाहीत. नुसतं छत, भिंतीचा कोपरा, टीव्हीचा उजेड आणि खरखर.

माझी तर झोप उडाली. २०१९ च्या पुरात लाईट नसताना वरच्या मजल्यावर काढलेल्या रात्री आठवल्या. मावसभाऊ मात्र वीस मिनिटांत उठला, "दादा, भिंती बघायला बोलवलंस व्हय?" त्याचंही चूक नाही म्हणा, शंभर मिनिटं जड जातात.

ज्यांनी बघितलाय त्यांनी सांगा : चार माणसांत हा चालतो, की हेडफोन लावून एकट्यानंच बघायचा? आधी कल्पना द्यावी की काहीच न सांगता बसवावं? सिनेमातली कुजबुज ऐकू येत नाही, स्पीकर कुठं ठेवू?

भडंग मध्यंतरापर्यंत बंद, एवढं मात्र ठरलंय.